रिबेका क्लार्कची ट्रायो एकदा ऐकाच

संपादक महोदय,
ब्रिटिश संगीतकार रिबेका क्लार्कच्या १९२१ च्या पियानो ट्रायोचं (पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तिघांसाठीच्या रचनेचं) रेकॉर्डिंग ऐकलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. सुरुवातीलाच पियानो एकच सूर असा ठोकत सुटतो की दचकायला होतं, आणि तोच तुकडा पुढे तिन्ही भागांत रूप बदलून येत राहतो, मधल्या संथ भागात व्हायोलिन आणि चेलो म्यूट (आवाज दबका करणारा चिमटा) लावून वाजतात ते तर केवळ अप्रतिम. अमेरिकेतल्या कूलिज या संगीतरचनेच्या स्पर्धेत या ट्रायोला दुसरा नंबर मिळाला, १९१९ ला रिबेकाच्या व्हायोला सोनाटालाही (व्हायोला म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य, त्यासाठीची रचना) दुसराच, तेव्हा तर तो सोनाटा एका बाईने लिहिलाय यावर काहींचा विश्वासच बसेना! फ्रेंच संगीतकार रॅव्हेलची १९१४ ची ट्रायो सगळीकडे वाजते, मग ही बाजूला का? रविवारच्या पुरवणीत हिच्यावर कुणाकडून तरी सविस्तर लिहून घ्या ना.
– एक वाचक