बिल काढण्याआधी पदपथाला टेप लावा

महोदय,

पुणे महापालिका २०२१ पासून दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा करते. जंगली महाराज रस्त्यावर ऐसपैस पदपथ आणि बसायला बाकेही झाली. कौतुक आहेच. पण सत्तरीपुढच्या माणसाचे रोजचे चालणे दूध, औषधे, बँक आणि बसथांबा एवढ्यातच असते आणि ते आतल्या रस्त्यांवर. तिथे नवाकोरा पदपथ असूनही ज्येष्ठ नागरिक, बाबागाडी ढकलणारे आईवडील आणि शाळेची मुले खालून, गाड्यांच्या कडेने चालतात. लोकांना शिस्त नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. खरे तर पदपथाची मापेच चुकलेली असतात.

पहिला दोष उंचीचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेनुसार पदपथ रस्त्यापासून १५ सेंमीपेक्षा उंच नसावा, म्हणजे घरातल्या जिन्याच्या एका पायरीएवढाच. आपल्याकडे तो सर्रास २५-३० सेंमी असतो. जुना थर न खरवडता डांबरावर डांबर चढत राहते, रस्ता वर येतो, पदपथ बुडतो, आणि पुढच्या कामात ठेकेदार ‘पुढच्या थरांची सोय’ म्हणून कर्ब, म्हणजे पदपथाच्या कडेचा दगड, आधीच उंच बसवतो. गुडघे दुखणाऱ्याला ही उंची आधाराशिवाय चढवत नाही, आणि उतरताना तर तोल जाण्याचीच भीती. म्हणून निविदेत मिलिंग, म्हणजे जुना थर खरवडून काढणे, सक्तीचे हवे. आतल्या रस्त्यांवर पदपथ १० सेंमीच ठेवला तर पुढचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

ते कसे, हे उतारावरून कळते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १:१२ लागतो. १५ सेंमी उंचीला १.८ मीटर लांबी, १० सेंमीला १.२ मीटर. ३० सेंमीच्या पदपथाला तब्बल ३.६ मीटरचा उतार हवा आणि तेवढी जागा कोपऱ्यावर कधीच नसते. मग अर्ध्या मीटरचा सिमेंटचा ठोकळा ओतून ‘रॅम्प केला’ अशी नोंद होते. त्यावरून खुर्ची मागे उलटेल. उताराच्या तळाशी दोन सेंमीची कड राहिली तरी खुर्चीची पुढची लहान चाके अडतात आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. उतार रस्त्याच्या पातळीत अलगद मिळाला पाहिजे.

त्याहून त्रासाची गोष्ट सोसायट्यांच्या फाटकांची. दर पंधरा-वीस मीटरवर एक फाटक, आणि प्रत्येक फाटकाशी पदपथ खाली उतरवून पुन्हा वर चढवलेला. शंभर मीटर चालताना डझनभर चढउतार. हे उलटे करायला हवे. पदपथ आपल्या पातळीवर सलग राहावा आणि गाडीने चढून तो ओलांडावा. गाडीसाठीचा उतार कर्बच्या बाजूच्या साठ सेंमीतच बसवता येतो. पदपथ १० सेंमी असेल तर गाडीचा तळ घासण्याची तक्रारही सहसा येत नाही, शिवाय गाडी आपोआप हळू होते. अट एकच, कडेने वाहणारे पावसाचे पाणी त्या उताराखालून पाइपने पुढे न्यावे, नाहीतर पहिल्याच पावसात फाटकाशी तळे साचते आणि मंडळी पदपथ फोडायला निघतात.

दुचाक्या चढू नयेत म्हणून लावलेल्या खांबांबद्दलही लिहायला हवे. खुर्ची जाण्यासाठी दोन खांबांत किमान ९० सेंमी अंतर लागते. स्कूटरचे हँडल साधारण ७० सेंमीचे, खुर्चीही जवळपास तेवढीच. म्हणजे अंतर आवळले की खुर्ची अडते, स्कूटरवाला मात्र गाडी वाकडी करून निघून जातो! दुचाक्यांवर उपाय दंडाचाच. अंधांना पायाने वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या फरशांची तीच गत. रेघा म्हणजे ‘चालत राहा’, ठिपके म्हणजे ‘थांबा’. रेघांची फरशी थेट विजेच्या डीपीवर नेऊन सोडली, तर अंध माणसासाठी तो सापळाच.

रस्ता ओलांडण्याचे गणितही पाहावे. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरतात. १४ मीटरच्या रस्त्याला त्या हिशेबाने १२ सेकंद पुरतात. काठी घेऊन चालणाऱ्याचा वेग ०.८ मीटर धरला तर साडेसतरा सेकंद लागतात. जास्तीचे साडेपाच सेकंद द्यायचे नसतील, तर दुभाजकावर मध्ये थांबायला किमान १.२ मीटर रुंदीची सपाट जागा हवी. आपले दुभाजक अर्ध्या मीटरचे आणि त्यातही झाडे लावलेली.

बसथांब्यावरच्या नुसत्या गोल नळीवर टेकता येते, बसता येत नाही. बैठक ४५ सेंमी उंच, पाठ आणि दोन्ही बाजूंना हात असलेली हवी. उठताना जोर हातांवरच येतो.

यातले काहीच नवे नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, पुण्याची पादचारी धोरणाची आणि रस्ते रचनेची कागदपत्रेही त्याच वर्षाची. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. अडते ते शेवटच्या बिलाशी. मोजमाप पुस्तिकेत किती चौरस मीटर पेव्हर बसले ते लिहितात. कर्बची उंची, उताराची लांबी आणि खांबांतले अंतर यांना तिथे रकानाच नाही. तो घालावा, आणि कनिष्ठ अभियंत्याने बिलावर सही करण्याआधी रिकामी चाकाची खुर्ची त्या पदपथावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकलून पाहावी.

नागरिकांनीही एक करावे. प्रभागाच्या अंदाजपत्रकासाठी कामे सुचवताना नुसते ‘फुटपाथ दुरुस्ती’ लिहू नये. त्यात जुने ब्लॉक काढून नवे ब्लॉक एवढेच होते. ‘अमुक चौक ते तमुक चौक, कर्बची उंची १५ सेंमीच्या आत आणणे, फाटकांसमोर पदपथ सलग ठेवणे, दोन्ही टोकांना १:१२ चे उतार’ असे लिहून द्यावे आणि अर्जाची पोच घ्यावी.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, कोथरूड, पुणे