रंगाने फिकट, पण ‘हलकी’ नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाच मित्रांनी एकत्र बसून बेल्जियन पद्धतीची एक ब्लॉन्ड, म्हणजे फिकट सोनेरी, क्राफ्ट बिअर चाखल्याचा आणि तिला तारे दिल्याचा लेख वाचला. लेख खेळकर आहे, पाचही जणांच्या तऱ्हा त्यात छान उतरल्या आहेत, आणि चव या विषयावर मराठीत इतक्या मोकळेपणाने कोणी लिहिते याचा आनंदच वाटला. तथापि त्या लेखात ‘हलकी’ हे विशेषण शीर्षकापासून समारोपापर्यंत वारंवार आले आहे, आणि माझा आक्षेप त्या एका शब्दापासून सुरू होऊन त्या मित्रांनी गुण देण्याच्या पद्धतीपर्यंत जातो.

मराठीत ‘हलकी’ हा शब्द एकाच वेळी तीन कामे करतो. रंग फिका असला तरी आपण हलका म्हणतो, जिभेवर जड वाटले नाही तरी हलके म्हणतो, आणि मद्याचे प्रमाण कमी असले तरीही हलकेच म्हणतो. बेल्जियन ब्लॉन्डच्या बाबतीत पहिल्या दोन अर्थांनी हे विशेषण चालते. तिसऱ्या अर्थाने ते साफ चुकीचे आहे. बिअरच्या परीक्षकांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देणारी ‘बीजेसीपी’ ही अमेरिकेतील संस्था १९८५पासून काम करते आहे. तिच्या मार्गदर्शिकेत या प्रकारातील मद्यांश ६ ते ७.५ टक्के दिलेला आहे. नेहमीची फिकट लागर (थंड तापमानात आंबवलेली बिअर) साधारण ५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे ३३० मिलिलिटरच्या एका बाटलीतून लागरमध्ये सुमारे १३ ग्रॅम शुद्ध मद्य पोटात जाते, तर साडेसहा टक्क्यांच्या ब्लॉन्डमधून सुमारे १७ ग्रॅम. ‘हलकी आहे, आणखी एक चालेल’ असे आपल्या लेखातील एक मित्र म्हणतो तेव्हा त्याचा हिशेब इथेच चुकलेला असतो. (मद्यपेयांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे माणसांत सिद्ध झालेल्यांच्या, गटात घातले आहे, मी स्वतः बिअर चाखतो, म्हणून हे वाक्य गाळावे असे मला वाटत नाही.)

ही फसगत अपघाताने होत नाही, ती त्या बिअरच्या घडणीतच आहे. इतका मद्यांश केवळ माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या जवातून) काढायचा तर बिअर जाडसर आणि गोड होते. बेल्जियन ब्रूअर त्यातला काही भाग साखरेतून मिळवतो. यीस्ट ती साखर जवळजवळ पूर्ण खाऊन टाकते, मागे गोडवा किंवा जडपणा उरत नाही, आणि घोट संपताना जीभ कोरडी, मोकळी राहते. बव्हेरियातील १५१६च्या प्रसिद्ध नियमाने बिअरमध्ये जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) आणि पाणी यांखेरीज काही घालण्यास मनाई केली होती. बेल्जियमच्या परंपरेवर तसे बंधन कधी बसले नाही, म्हणून साखर ही तिथे भेसळ न मानता कसब मानली जाते. आपल्या बिअरविषयी बोलताना तिथले ब्रूअर ‘पचायला सोपी’ अशा अर्थाचा शब्दही वापरतात. लेखातील मित्रांना जाणवलेला हलकेपणा हाच होता, आणि तो खरा होता. त्यावरून बिअर सौम्य आहे असा निष्कर्ष काढला, तिथे मात्र ते चुकले.

बेल्जियमच्या इतिहासातही या जोमदार बिअरचे एक कारण सापडते. १९१९च्या कायद्याने तेथील कॅफेंत ग्लासाने स्पिरिट, म्हणजे व्हिस्कीसारखी कडक दारू, विकण्यास बंदी झाली आणि ती १९८३पर्यंत टिकली. ज्यांना काही कडक हवे होते त्यांच्यासाठी अधिक मद्यांशाच्या बिअर हा कायदेशीर मार्ग उरला. मोर्टगाट या ब्रूअरीच्या ‘डुव्हेल’चे उदाहरण बोलके आहे. तिच्या नावाचा अर्थच मुळी सैतान. १९२३पासून ती या नावाने ओळखली जाते, सुरुवातीला ती गडद होती, आणि १९७०च्या सुमारास तिने आजचा फिकट सोनेरी रंग घेतला. ती तांत्रिक वर्गीकरणात ब्लॉन्डच्या पुढची, साडेआठ टक्क्यांची ‘गोल्डन स्ट्राँग’. पण ग्लासात पाहिली तर एखाद्या निरुपद्रवी लागरसारखी दिसते. रंगावरून जोर ओळखू पाहणाऱ्यांसाठी याहून स्पष्ट इशारा बाटलीवर छापता आला नसता.

दुसरी गोष्ट मसाल्यांची. ‘यात लवंग घातली आहे’ असे लेखातील दोघांनी ठामपणे सांगितले आणि लेखकाने ते जसेच्या तसे उतरवले. बाटलीमागची घटकांची यादी वाचली असती तर हा गैरसमज बहुधा तिथेच मिटला असता. धणे आणि संत्र्याची साल घालण्याची रीत बेल्जियमच्या गव्हाच्या ‘विट’ बिअरमध्ये आहे. ब्लॉन्डला त्याची गरज सहसा पडत नाही, कारण तिचे सुगंध मुख्यतः यीस्ट तयार करते. जवातील फेरुलिक आम्लापासून काही जातींची यीस्ट एक फिनॉल (एक प्रकारचे सुगंधी संयुग) बनवते, आणि लवंगेतील युजेनॉलशी त्याचे रासायनिक नाते असल्यामुळे आपल्याला लवंग आठवते. केळ्यासारखा किंवा पिकल्या फळासारखा जो वास येतो तो एस्टर या दुसऱ्या सुगंधी संयुगांचा, आणि लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवल्यामुळे ते अधिक तयार होतात. चांगल्या ब्लॉन्डमध्ये हे सगळे हळू आवाजात बोलते. नाक खुपसताच लवंगेचा भपका आला, तर ती उत्तम ब्लॉन्ड आहे असे मी म्हणणार नाही.

मात्र ‘लवंग’ हा शब्द दोघांना एकाच वेळी कसा सुचला, याविषयी मला शंका आहे आणि ती स्वानुभवातून आलेली आहे. आम्हीही पाच जण. मागे एकदा मी यजमान असताना तीन ग्लासांवर क, ख आणि ग अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. क आणि ग यांत एकाच बाटलीतील ब्लॉन्ड होती आणि ख मध्ये साधी लागर. हे फक्त मला माहीत होते, म्हणून मी गुण दिले नाहीत. पहिल्या फेरीत सगळे मोठ्याने बोलत होते. आमच्यातील एकाने, ज्याचे बोलणे ठाम असते, क चा वास घेतला आणि ‘लवंग!’ असे जाहीर केले. त्यानंतर उरलेल्या तिघांच्या कागदांवर लवंग अवतरली, आणि त्यांपैकी एकाने ती ख समोरसुद्धा लिहिली, म्हणजे जिथे लवंगेचा लवलेशही नव्हता तिथे. दुसऱ्या फेरीत चिठ्ठ्या बदलल्या, बोलणे बंद केले, आधी लिहायचे आणि नंतर वाचायचे असे ठरवले. या वेळी लवंग एकाच कागदावर होती. तिच्याऐवजी ‘पाव’, ‘मध’, ‘नासपती’, आणि एके ठिकाणी नुसतेच ‘चांगला वास, नाव सुचत नाही’ असे आले. शेवटची नोंद मला सर्वांत प्रामाणिक वाटली.

गुणांचे काय झाले तेही सांगतो. ठाम बोलणाऱ्या त्याच मित्राने एकाच बाटलीतील बिअरला एका ग्लासात पन्नासपैकी ३२ आणि दुसऱ्यात ३९ गुण दिले होते. तो रागावला, मग हसला, आणि मग त्याने माझ्यावरच ठपका ठेवला. दुर्दैवाने त्याचे म्हणणे बरोबर निघाले. अशा अनेक बिअर बाटलीतच पुन्हा आंबवल्या जातात व यीस्टचा पातळ थर तळाशी बसतो. मी ओतताना बाटली दर वेळी उभी करत होतो, त्यामुळे तो थर ढवळला गेला आणि शेवटच्या ग्लासात जवळजवळ सगळाच उतरला. त्या ग्लासातील बिअर धुरकट होती, तिला पावाच्या आंबवणासारखा वास होता आणि घोट किंचित जाड लागत होता. बाटली एक असली तरी आम्ही सगळे एकच बिअर पीत नव्हतो. तेव्हापासून मी बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवतो, सगळे ग्लास एका दमात न थांबता भरतो आणि तळाचा बोटभर भाग बाटलीतच राहू देतो; ज्याला तो हवा असेल त्याने शेवटी वेगळा मागून घ्यावा.

तापमानाविषयी एवढेच, की लेखाच्या छायाचित्रातील बर्फाने पांढरे पडलेले ग्लास दिसायला देखणे असले तरी चव पारखण्यासाठी निरुपयोगी आहेत. अतिथंड बिअरमधून सुगंध वर येत नाही आणि मद्याची ऊबही लपून राहते. फ्रिजमधून काढल्यावर थोडा वेळ थांबावे, पहिला वास ओतल्याबरोबर घ्यावा कारण तो सर्वांत लवकर उडतो, आणि ग्लास अर्धा झाल्यावर पुन्हा एकदा गुणांकडे पाहावे. ग्लासाला तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला असेल तर फेस क्षणात मरतो, आणि त्याचे खापर बिचाऱ्या ब्रूअरवर फुटते.

आता ताऱ्यांकडे येतो. पाच मित्रांचे तारे अनुक्रमे चार, चार, चार, दोन आणि साडेतीन असे होते, आणि लेखाने त्यांची सरासरी साडेतीन काढून निकाल जाहीर केला. तिघांना बिअर बरीच आवडली आणि एकाला मुळीच आवडली नाही, ही या बैठकीतील सर्वांत कुतूहलाची गोष्ट त्या साडेतीनमध्ये विरघळून गेली. शिवाय पहिला मित्र ‘चार!’ म्हणाल्यावर पुढचे दोघे चारच म्हणाले, हे लेखकाने स्वतःच सांगितले आहे. पहिल्याचा चार हा त्या बिअरविषयीचा असेल. उरलेले दोन बहुधा पहिल्या मित्राविषयीचे आहेत.

बीजेसीपीची गुणपत्रिका पन्नास गुणांची असते आणि तिची विभागणी मला शहाणपणाची वाटते. वासाला १२, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या पोताला ५, एकूण अनुभवाला १० आणि दिसण्याला फक्त ३. ज्या रंगावर आपल्या लेखाचे तीन परिच्छेद खर्च झाले आहेत त्याची किंमत जाणत्या परीक्षकांच्या लेखी पन्नासात तीन, आणि त्यातही फेस आणि स्वच्छता यांचा वाटा आहे. दृष्टी नाकाला किती सहज फसवते याचा एक प्रयोग फ्रान्समध्ये झाला असून तो २००१मध्ये प्रसिद्ध झाला. मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग मिसळून दिली, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. शिकणाऱ्यांची ही गत, तर शनिवारच्या रात्री जमलेल्या मित्रांना दोष का द्यावा?

या पत्रिकेत आणखी एक शिस्त आहे आणि मित्रमंडळींत तीच सर्वांत अवघड जाते. प्रश्न ‘मला आवडली का’ असा नसतो. ‘ब्लॉन्ड म्हणून ती कशी उतरली’ असा असतो. आमच्यातील एकाला कडवट बिअर प्रिय, म्हणून त्याने हिला ‘मिळमिळीत’ म्हटले. या प्रकारात कडवटपणा मुळात मध्यमच अपेक्षित आहे, तेव्हा त्याची तक्रार बिअरविरुद्ध नसून प्रकाराविरुद्ध होती. उलट लोण्यासारखा वास, ओल्या पुठ्ठ्याची चव किंवा उजेडात राहिलेल्या बाटलीतून येणारा उग्र दर्प आढळला तर आवड बाजूला ठेवून गुण कापायलाच हवेत. यांतील पुठ्ठ्याची चव जुनेपणाची खूण असते, आणि म्हणूनच बाटली कधी भरली ती तारीख नोंदवणे आवश्यक होते. आपल्या लेखात ती नाही, मद्यांशाचा आकडाही नाही.

माझी विनंती छोटी आहे. पुढील अंकात ‘हलकी’ या शब्दाबाबत दोन ओळींचा खुलासा आणि त्या बाटलीवरील मद्यांश छापावा, आणि अशी बैठक पुन्हा घेतल्यास सरासरी न काढता पाचही जणांचे कागद त्यांनी न बोलता लिहिले तसेच प्रसिद्ध करावेत. शक्य झाल्यास दोन तारे देणाऱ्या त्या चौथ्या मित्राकडेही एकदा चौकशी करावी. बाकीचे चौघे ‘काचेसारखी स्वच्छ’ म्हणत असताना तो एकटा ‘गढूळ आणि पिठूळ’ म्हणत राहिला आणि सगळ्यांनी त्याची थट्टा केली. माझ्या अंदाजाने त्याच्या वाट्याला बाटलीचा तळ आला होता, आणि त्याने आपल्या ग्लासात जे होते तेच लिहिले.

आपला,
एक नियमित वाचक