भुईकोट आणि पाली सुत्ते

मा. संपादक,

भुईकोटाच्या खंदकाकाठी फिरताना दुर्गांचा इतिहास मध्ययुगातच सुरू झाला, असे आपण सोलापूरकर सहज धरून चालतो. महापरिनिब्बान सुत्तात (बुद्धांच्या अखेरच्या काळाचे वर्णन करणाऱ्या पाली ग्रंथात) मात्र मगधाचे महामात्य सुनीध व वस्सकार शेजारच्या वज्जी गणराज्याला थोपवण्यासाठी पाटलिग्रामी (आजच्या पाटण्यात) नगराची तटबंदी उभारत असल्याचे, आणि त्या नगराला आग, पाणी व आपसांतील फूट यांचा धोका राहील असे बुद्धांनी आनंदांना सांगितल्याचे वर्णन आहे. पुढे पाटण्यातील बुलंदीबाग येथे लाकडी तटाचे अवशेष उत्खननात मिळाले.

अंगुत्तर निकाय या पाली सुत्तसंग्रहातील नगरोपम सुत्त मला त्याहून रोचक वाटते. सीमेवरच्या दुर्गाला भक्कम खांब, खोल खंदक, भोवताली गस्तीचा मार्ग, शस्त्रे, सैन्य, द्वारपाल आणि गिलावा केलेला उंच तट हवा, असे त्यात सांगितले आहे. ही मनाला दिलेली उपमा आहे: अनोळख्याला अडवून ओळखीच्याला आत सोडणारा द्वारपाल म्हणजे स्मृती (सजगता), तर तट म्हणजे प्रज्ञा. (उपमा देणाऱ्याने किल्ला जवळून पाहिला असावा!) दुर्गभ्रमंतीत मुलांना केवळ लढायांच्या सनावळ्या ऐकवल्या जातात, खंदकापाशी थांबून हे सुत्तही वाचून दाखवावे, अशी मार्गदर्शकांना विनंती आहे.

एक वाचक, सोलापूर