एकच काम, चार एपीआय

संपादक महोदय,

मिहानमधल्या एका मोठ्या कंपनीत मी प्रोग्रामर आहे. पिनकोड तपासणारी एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून काम करून घेण्याची सोय) लिहायला मला तीन आठवडे लागले. मग कँटीनमध्ये तर्री-पोहे खाताना कळलं, शेजारच्या टीमकडे ती दोन वर्षांपासून आहे! शोधल्यावर एकूण चार निघाल्या. एकीचा कर्ता तर नोकरी सोडून पुण्याला गेलेला.

स्पॉटिफायने २०२० साली सर्वांसाठी खुलं केलेलं ‘बॅकस्टेज’ हे कंपनीतल्या सगळ्या एपीआयचा कॅटलॉग ठेवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. अशा कॅटलॉगात प्रत्येक एपीआयची आवृत्ती, सांभाळणारी टीम, बंद होण्याची तारीख एका जागी दिसते. फक्त नोंद कोड चढवतानाच आपोआप व्हावी. हाताने भरलेली महिन्याभरात शिळी होते. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, ‘एक्सेल शीट बनव ना बे!’

– एक प्रोग्रामर, त्रिमूर्तीनगर, नागपूर