‘अल्फा वाढवा’ म्हणजे नेमके काय करा?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील मेंदूच्या लहरींवरचा (म्हणजे वेगानुसार डेल्टा, थीटा, अल्फा, बीटा, गामा अशी नावे दिलेल्या विद्युतलहरींवरचा) लेख वाचला. भाषा ओघवती आहे, यात वाद नाही. पण ‘अल्फा वाढवा, बीटा कमी करा, स्मरणशक्ती आणि वाणी दोन्ही सुधारतील’ या वाक्याने काल दिवसभर डोके तापले, म्हणून हे पत्र.

चार वर्षांपूर्वी वडिलांना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. आवाज होता, शब्द सापडत नव्हते. चष्म्याकडे बोट दाखवून ते ‘घड्याळ’ म्हणत, चूक त्यांची त्यांनाच कळे आणि ते मान फिरवून घेत. ईईजीत, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींच्या आलेखात, डाव्या बाजूला संथ डेल्टा लहरी दिसल्या होत्या. हे कानावर पडताच एका हितचिंतकांनी अशाच कुठल्याशा लेखाचा हवाला देत ‘अल्फा संगीत’ आणून दिले आणि वडील तीन आठवडे हेडफोन लावून, डोळे मिटून बसून राहिले. डोळे मिटले की अल्फा लहरी एरवीही वाढतात, हे १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी घेणाऱ्या हान्स बर्गर यांनीच नोंदवून ठेवले आहे. त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही. शिवाय वडिलांच्या डेल्टा लहरी ही इजेची खूण होती, इजेचे कारण नव्हे. त्याच डेल्टा लहरी गाढ झोपेत आपणा सर्वांच्या मेंदूत उमटतात आणि दिवसभरात शिकलेले पक्के होण्याशी त्यांचा संबंध आहे. तेव्हा लहर कोणती यापेक्षा ती मेंदूच्या कोणत्या भागात आणि केव्हा उठते, हे पाहावे लागते. नेमके तेवढेच आपल्या लेखकांनी वगळले आहे.

पुढे स्पीच थेरपिस्ट बाई आल्या. त्या वडिलांच्या डाव्या हातावर दर अक्षराला हलकी थाप देत, ‘चष्‌... मा’ असे लांबवून, जवळजवळ गात म्हणवून घेत. आपण सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरे बोलतो आणि ऐकणाऱ्याच्या मेंदूतील ४ ते ८ हर्ट्झच्या (सेकंदाला तितकी आवर्तने असणाऱ्या) थीटा लहरी त्या ठेक्याशी जुळवून घेतात, असे त्यांनी समजावले होते. वडिलांना गुण आला तो याच कारणाने, असा दावा मी करणार नाही (आपल्या लेखकांनी बहुधा केला असता). मात्र अकराव्या दिवशी त्यांनी ‘चष्मा’ म्हटले आणि तो पुसून का ठेवला नाही म्हणून माझ्याकडे डोळे वटारले. ते तीन आठवडेही याच सरावात गेले असते, ही रुखरुख आजही आहे.

जाता जाता, लेखासोबतच्या आकृतीत थीटा आणि गामा यांच्या नावांची अदलाबदल झाली आहे. सेकंदाला तीसहून अधिक आवर्तने असणारी गामा लहर तिथे ऐसपैस पसरली आहे आणि थीटा दाटीवाटीने उभी आहे. लेखाच्या खालीच ‘अल्फा वाढवणाऱ्या’, डोक्याला बांधायच्या पट्ट्याची पाव पान जाहिरात होती, तिच्यात मात्र एकही मुद्रणदोष आढळला नाही. आकृतीची दुरुस्ती निदान तेवढ्याच ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक