‘ओटीपी देऊ नका’ एवढ्यावर आता भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोबाइलवरून झालेल्या फसवणुकीच्या बातम्या आपल्या जिल्हा पानांवर आता जवळपास रोज असतात. बातमीत गेलेली रक्कम असते, फिर्यादीचे गाव असते आणि शेवटी ‘ओटीपी कोणालाही सांगू नये’ हे आवाहन असते. सल्ला खरा आहे, पण अपुरा आहे. सध्या मराठवाड्यात फिरणाऱ्या अनेक प्रकारांत चोर ओटीपी विचारतच नाही. आपण कुणाला काही सांगितले नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि सकाळी खाते रिकामे दिसते. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

सगळ्यात घातक प्रकार आहे एपीके फाइलचा. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलन’, ‘लग्नपत्रिका’, ‘बँक केवायसी’ अशा नावाची फाइल येते. नावाच्या शेवटी ‘.एपीके’ असते. एपीके म्हणजे कागद नव्हे, फोटो नव्हे; ते अँड्रॉइड फोनमध्ये बसणारे ॲप असते. लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, ती बघायला ॲप बसवावे लागत नाही. फाइलवर बोट ठेवले की फोन एकदा विचारतो, ‘अनोळखी ठिकाणचे ॲप बसवू द्यायचे का?’ तिथे ‘होय’ म्हटले की ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेकडून येणारा प्रत्येक ओटीपी तुमच्या आधी चोरापर्यंत पोहोचतो. तुम्ही तोंडातून एक अक्षर काढलेले नसते.

‘ओळखीच्याकडून आली म्हणून उघडली’ असे बहुतेक लोक सांगतात. त्यात त्यांची चूक काढण्यासारखे काही नाही. ज्याचा फोन आधी चोराच्या ताब्यात गेला, त्याच्याच व्हॉट्सॲपवरून ती फाइल पुढे भावकीच्या, शाळेच्या, गावाच्या ग्रुपवर पाठवली जाते. त्यामुळे पाठवणारा ओळखीचा आहे ही इथे खात्री धरता येत नाही. ग्रुप ॲडमिननी असा एकही मेसेज राहू देऊ नये आणि ज्याच्या नंबरवरून आला त्याला साधा फोन करून कळवावे, कारण त्याला बहुधा पत्ताच नसतो.

फाइल उघडली गेलीच तर वेळ न घालवता क्रमाने करायचे ते असे. आधी इंटरनेट आणि वायफाय बंद करून फोन फ्लाइट मोडवर टाकावा. सिमकार्ड काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घालावे, म्हणजे एसएमएस त्या ॲपच्या हाती लागत नाहीत. दुसऱ्याच्या फोनवरून पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला कळवून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड बंद करून घ्यावे. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नये, तिथे चोरांनी टाकलेले नंबर वर येतात. मग सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीतून ते ॲप काढावे. पडद्यावर आयकॉन नाही म्हणजे ॲप नाही असे समजू नये, काही ॲप आयकॉन लपवतात. ‘अनइन्स्टॉल’चे बटण दबत नसेल तर ॲपने ‘डिव्हाइस ॲडमिन’ किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी घेतलेली असते. ती आधी बंद करावी लागते. तेही जमले नाही तर फोटो आणि नंबर दुसरीकडे घेऊन फोन फॅक्टरी रिसेट करावा. यूपीआयचा पिन आणि पासवर्ड बदलायचे ते स्वच्छ फोनवरूनच. त्याच फोनवर बदललेला पासवर्डही चोराला दिसू शकतो.

आपल्याकडे या फाइली हंगाम बघून येतात. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. हातातले सोयाबीन गेलेला माणूस अनुदानाच्या एसएमएसची वाट बघत असतो, त्यामुळे ‘तुमचे अनुदान अडकले आहे, केवायसी करा’ हा मेसेज त्याला खराच वाटतो. खरी पद्धत अशी आहे : नुकसानभरपाईच्या यादीत नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो. तो तलाठ्याकडे किंवा गावातल्या यादीत मिळतो आणि त्यावर आधार प्रमाणीकरण आपले सरकार सेवा केंद्रात होते. पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. त्यासाठी कुणी फोन करून लिंक पाठवत नाही. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये २,००० च्या तीन हप्त्यांत येतात; हप्ता थांबला असेल तर तो कोणत्याही फाइलने सुटत नाही, पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर किंवा कृषी कार्यालयातच कारण कळते. लाडकी बहीण योजनेच्या केवायसीचेही तसेच. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ नसेल तर आधार क्रमांक टाकू नये.

सौर पंपाच्या नावाने होणारी फसवणूक मोठ्या रकमेची असते. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के आहे. हा भरणा महावितरणच्या पोर्टलवर आपल्या अर्ज क्रमांकावर होतो. ‘तुमचा पंप मंजूर झाला, कोटा संपायच्या आत या क्यूआरवर भरा’ असे सांगणारा कोणीही खरा नसतो. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार’ हा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला तर तोही खोटा. महावितरणचे मेसेज ‘एमएसईडीसीएल’ असलेल्या शीर्षकाने (नंबरच्या जागी दिसणाऱ्या नावाने) येतात, आणि शंका असेल तर १९१२ वर विचारता येते.

यूपीआयबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर निम्मा गोंधळ मिटतो : पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. जुनी मोटारसायकल किंवा बैलजोडी विकायला ऑनलाइन जाहिरात दिली की गिऱ्हाईक ‘ॲडव्हान्स टाकतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणते. तिथेच थांबावे. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैसे मागण्याची रिक्वेस्ट बंद झाली आहे. त्यामुळे मोबाइलवर अशी मागणी उमटली तर ती व्यापारी म्हणून नोंदलेल्या खात्याकडून असते, आणि आपण काही घेतले नसेल तर ती नाकारावी. मोंढ्यातल्या दुकानदारांसाठी दुसरा धोका आहे : ‘चुकून तुमच्याकडे १०,००० आले, परत करा’ असा फोन आणि सोबत पैसे जमा झाल्याचा मेसेज. मेसेज नीट बघा, तो साध्या मोबाइल नंबरवरून असतो. जमा रक्कम मेसेजमध्ये पाहू नये, ॲपमध्ये खात्याची शिल्लक बघावी. खरोखर पैसे आले असतील तर आपण परस्पर परत करू नयेत, बँकेला कळवून तिच्यामार्फत परत जाऊ द्यावेत.

‘डिजिटल अरेस्ट’वर बरेच छापून आले आहे, म्हणून थोडक्यात. भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवरून अटक असा प्रकारच नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय, ट्राय (दूरसंचार नियामक) यांपैकी कोणीही खाते ‘तपासण्यासाठी’ पैसे दुसऱ्या खात्यात टाकायला सांगत नाही. पण याचाच एक धाकटा भाऊ लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरला शिकायला मुले ठेवलेल्या आईवडिलांना गाठू शकतो. ‘तुमचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आहे, फोन कट करू नका’ असे म्हणून मागे रडण्याचा आवाज ऐकवतात. हल्ली यंत्राने आवाजाची नक्कलही करता येते. फोन कट करू नका, असे सांगण्याचे कारण एवढेच की तुम्ही मुलाला फोन लावू नये. म्हणून पहिले काम फोन ठेवणे आणि दुसरे काम मुलाला, तो उचलत नसेल तर होस्टेलच्या रेक्टरना फोन करणे. रेक्टरचा आणि एका रूममेटचा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवावा. घरच्यांपुरता एक खुणेचा शब्द ठरवून ठेवला तर आणखी बरे.

पार्सल आल्याचे सांगून ‘*२१*’ किंवा ‘*४०१*’ ने सुरू होणारा आणि पुढे दहा आकडी नंबर असलेला कोड डायल करायला लावतात. त्याने तुमचे कॉल चोराच्या फोनवर वळतात आणि कॉलवरून सांगितला जाणारा ओटीपी त्याला ऐकू येतो. असा कोड दाबला गेला असेल तर ##००२# डायल केल्यावर वळवलेले सगळे कॉल पूर्ववत होतात.

येणारा नंबर पाहून थोडाफार अंदाज करता येतो. १४० ने सुरू होणारे नंबर जाहिरातीचे, १६०० ने सुरू होणारे बँका, विमा आणि सरकारी कामांसाठी राखलेले. एसएमएसच्या शीर्षकाच्या शेवटी आता इंग्रजी अक्षर असते : पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. +९२, +८४, +८५५ अशा परदेशी क्रमांकांवरचे व्हॉट्सॲप कॉल ओळखीचे कोणी तिकडे नसेल तर उचलू नयेत. ट्रूकॉलरवर दिसणारे नाव मात्र पुरावा मानू नये, ते कुणीही हवे तसे ठेवू शकतो.

नुसत्या जाहिरातींचा त्रास असेल तर १९०९ वर फोन करून डीएनडी सुरू करता येते, आणि नको असलेल्या कॉलची तक्रार सात दिवसांच्या आत करता येते. संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’मध्ये संशयित कॉल नोंदवता येतो. तिथेच आपल्या नावावर किती सिमकार्ड चालू आहेत तेही दिसते. हे वर्षातून एकदा तरी बघावे, कारण आपल्या आधारवर दुसऱ्याच्या हातात सिम असेल तर पोलीस पहिल्यांदा आपल्याच दारात येतात. अंगठ्यावर पैसे काढून घेण्याचा प्रकार टाळायचा तर आधारचे बायोमेट्रिक लॉक करावे. ते आधारच्या ॲपवरून होते, माहितीसाठी १९४७ हा क्रमांक आहे.

आता पैसे गेल्यानंतरचे. इथे मिनिटे मोजावी लागतात. चोरलेली रक्कम पहिल्या खात्यात थांबत नाही. ती तुकडे करून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जाते आणि शेवटी एटीएममधून निघते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला की तक्रार संबंधित बँकांपर्यंत जाते आणि पुढच्या खात्यात अजून पडून असलेली रक्कम गोठवली जाते. निघून गेलेली रक्कम गोठवता येत नाही. म्हणून आधी १९३०, मग नातेवाईक. फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक हाताशी असावा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर त्याच दिवशी पूर्ण तक्रार भरावी. फोन लागत नसेल तर पोर्टलवर थेट भरावी आणि जवळचे पोलीस ठाणे गाठावे.

बँकेत तोंडी सांगून घरी येऊ नये. लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल तर ग्राहकावर नुकसान येत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेले असेल तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे पुढचे नुकसान बँकेचे. ती शिक्क्याची प्रत इथे कामाला येते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ वर मिळते. आणि ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, फी भरा’ असा फोन नंतर आला तर ती दुसरी फसवणूक आहे.

गावातल्या तरुणांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पाच-दहा हजारांसाठी आपले खाते, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याला वापरायला देऊ नका. चोरीची रक्कम ज्या खात्यातून फिरते त्या खातेदाराला पोलीस आधी उचलतात, आणि ते पाच-दहा हजार देणारा माणूस तोवर नंबर बदलून गेलेला असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

संपादक महोदय, आपल्याकडे तीन विनंत्या आहेत. फसवणुकीच्या बातमीत ‘आमिषाला बळी पडला’ असे मथळे देऊ नयेत. त्या लाजेने लोक तक्रारीला दोन-दोन दिवस उशीर करतात आणि तेवढ्यात पैसे हाताबाहेर जातात. फाइलचे नाव, मेसेजचा मजकूर आणि चोराने सांगितलेली वाक्ये जशीच्या तशी छापावीत, म्हणजे दुसऱ्याच्या फोनवर तेच आले तर तो ओळखेल. आणि १९३० हा क्रमांक बातमीच्या शेवटच्या ओळीत न देता मथळ्याखाली ठळक द्यावा.

आपला,
एक वाचक, परभणी