‘कोयता’ म्हणजे नुसतं हत्यार नव्हे

संपादक महोदय,

दृश्यकलेच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी गावाकडची तीन मुलं परवा माझ्याकडे येऊन गेली. तिघांचंही रेखाटन पक्कं आहे. तिघांचा प्रश्न मात्र एकच : ‘सर, इंग्रजी स्टेटमेंट, म्हणजे आपल्या कामामागचा विचार सांगणारं निवेदन, कोण लिहून देतं?’ म्हणून हे पत्र.

मी धारूर तालुक्यातला. आई-वडिलांनी २२ हंगाम ऊस तोडला. मी ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) केलं, मग जी.डी. आर्ट ही कलेची पदविका, मग चित्रकलेत पदव्युत्तर पदवी. आता एका कला महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. पदविकेपर्यंत हात चांगला असला की भागतं. पदव्युत्तरला हेच काम का, याच साहित्यात का, हे दोन वर्षं सांगत राहावं लागतं. काम भिंतीवर लावून सगळ्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं आणि शेवटी प्रबंध लिहायचा. ही पद्धत मला मनापासून पटते. त्या प्रश्नांमुळेच मी घाटांची निसर्गचित्रं सोडून घरातल्या गोष्टीकडे वळलो.

शेवटच्या प्रदर्शनात मी मांडणशिल्प, म्हणजे वस्तू जागेत मांडून केलेली कलाकृती (इन्स्टॉलेशन), केलं. पाचटापासून बनवलेल्या कागदावर २२ कोयते मांडले, प्रत्येक पात्याला दोन मुठी. आमच्याकडे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतो. मजुरांची टोळी नेणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. बाई आजारी पडली तरी खाडा पडतो आणि तो दोघांच्या हिशेबातून कापला जातो. दोन मुठींचा अर्थ हा होता.

इंग्रजी निवेदनात मी कोयत्यासाठी ‘सिकल’, म्हणजे विळा, असं लिहिलं. दुसरा शब्द मला सापडला नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कम्युनिस्टांच्या विळा-हातोड्याच्या निशाणीबद्दल विचारलं. मी इंग्रजीत दोन वाक्यं बोललो आणि अडलो. मराठीत सांगू का, असं विचारलं, तर शेजारच्या सरांनी मान हलवून नको म्हटलं. परीक्षक पुढच्या मुलीच्या कामाकडे गेले. माझी आई दाराशी उभी होती. तिला त्या दोन मुठी बघताक्षणी कळल्या होत्या.

चित्राबद्दलचा बारीक विचार मराठीत करता येत नाही, असं कुणी म्हणू नये. चित्रकार प्रभाकर बरव्यांनी आकार, अवकाश, वस्तू यांच्याबद्दल मराठीतच लिहिलं आणि ते आजही विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडतं. ‘मांडणशिल्प’ हा शब्दही आपणच घडवला. आणि कामाचा जीव कुठून येतो? चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या कोळसाखाणीच्या गावातले चित्रकार प्रभाकर पाचपुते छत्तीसगडमधल्या खैरागडला कला शिकले, मग बडोद्याला पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि कोळशानेच खाणकामगार रेखाटत राहिले. २०२१ मध्ये वेल्समधला आर्टेस मुंडी हा समकालीन कलेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना इतर पाच कलावंतांबरोबर मिळाला. गावातून आणलेलं असं काही आमच्या मुलांकडेही आहे. ते मांडायची वेळ येते तेव्हा त्यांच्या तोंडात परके शब्द कोंबले जातात.

इंग्रजी शिकवू नका, असं मी म्हणत नाही. उलट पहिल्याच सत्रापासून नीट शिकवा, संदर्भग्रंथ वाचायचे तर ती लागणारच. पण महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रबंध आणि तोंडी परीक्षा मराठीत देण्याची मुभा लेखी नियमात असावी. मराठी जाणणारा किमान एक परीक्षक असावा. बाहेरच्या परीक्षकांसाठी दुभाषा संस्थेने द्यावा, मुलाने शोधू नये. १८५७ साली सुरू झालेलं सर ज. जी. कला महाविद्यालय २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं. आता अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या हाती आहेत. सुरुवात त्यांनी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या तिघांपैकी एकीचं काम टँकरपुढच्या घागरींच्या रांगेवर आहे. घागर कुणाची हे तिला पोच्यांवरून ओळखता येतं. तिला म्हटलंय, आधी हे सगळं मराठीत लिहून आण. अर्जाला तोच कागद जोडता येईल का, हे विचारायला सोमवारी आम्ही दोघं संस्थेत जाणार आहोत.

– एक कलाशिक्षक, धारूर (जि. बीड)